ज्याचं वाक्य त्याचं

मुखरू खोब्रागडे यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात आधी वंदना झाली, मग चार जण बोलले. चौघांनीही त्यांना थोर कलावंत म्हटलं. मला तिथंच उठून विचारावंसं वाटलं, की बाबांनो, हा माणूस तीस वर्षं नाटकात होता, तुमच्यापैकी एकानं तरी त्याला कधी स्टेजवर बोलावून शाल-नारळ दिला का? पण मी उठलो नाही. वेळेवर तोंड न उघडण्याची माझी सवय जुनी आहे. वंदनेच्या वेळी जे झालं त्याबद्दल तर चौघांपैकी कोणी चकार शब्द काढला नाही, म्हणून हे मी लिहितोय.

मी अश्वजित रामटेके. गडचिरोली जिल्ह्यात कुरखेड्याला बस स्टँडजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. गाव तिथून सात किलोमीटर. मुखरूकाकांचं घर आमच्या घरापासून तिसरं.

आमच्या झाडीपट्टीत धान घरी आला आणि मंडया, म्हणजे आमच्याकडच्या जत्रा, भरू लागल्या, की नाटकांचा हंगाम लागतो तो थेट होळीपर्यंत. वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव जातात. एकेका नटाच्या अंगावर हंगामात चार-चार नाटकं असतात, पाठांतराला वेळ कोणाकडे आहे? म्हणून विंगेत प्रॉम्प्टर बसतो. पुस्तक मांडीवर घेऊन तो प्रत्येक वाक्य नटाच्या एक श्वास आधी बोलतो, प्रेक्षकाला ऐकू जाणार नाही आणि नटाला चुकणार नाही इतक्या बारीक आवाजात. हे काम मुखरूकाकांचं. खलनायकाच्या ज्या धमकीवर मंडप हादरायचा, ती आधी काकांनी विंगेत कुजबुजलेली असायची. बाहेरच्या माणसाला हा आळशीपणा वाटेल. आम्ही मात्र प्रॉम्प्टर नसलेलं नाटक कधी पाहिलेलंच नव्हतं, त्यामुळे तसंही नाटक असतं हे आमच्या डोक्यात यायचं काही कारणच नव्हतं. पुढं घात झाला तो याच गोष्टीनं.

त्यांना एकच मुलगी, रिना. माझ्यापेक्षा वर्षानं लहान. रिना अडखळायची. शब्दाच्या पहिल्याच अक्षरावर रुतायची, मान एका बाजूला खेचली जायची, डोळे घट्ट मिटायचे, आणि तेवढ्यात समोरचा माणूस तिचं वाक्य स्वतःच पूर्ण करून मोकळा व्हायचा. पोरांनी तिचं नाव 'अटकी' पाडलं होतं. त्यात मीही होतो. हजेरीला 'हजर' म्हणता येत नाही म्हणून गुरुजी तिला फक्त हात वर करायला सांगायचे, आणि वर्गातली चाळीस पोरं माना वळवून तो हात पाहायची. तिच्या आईनं, कमलाकाकूंनी, वेखंड उगाळून चाटवलं, मध चाटवला, कुणी सांगितलं म्हणून तोंडात गोटी ठेवून बोलायला लावलं. त्यानं काही झालं नाही.

काकांना एक गोष्ट विहारात दिसली. दर रविवारी सकाळी आमच्या विहारात वंदना होते. एक जण पुढं म्हणतो, बाकीचे मागून म्हणतात. पुढं म्हणायचं काम काकांचं. पाच-सहा वर्षांची रिना त्यांच्या पायाशी बसून मागून म्हणायची आणि एकाही अक्षरावर अडायची नाही. पालीतले एवढे जोडाक्षरांचे शब्द, पण सरसर. वंदना संपून पाणी मागायची वेळ आली की पुन्हा 'प-प-प'. काकांचा जन्म याच धंद्यात गेलेला. त्यांच्या लक्षात आलं, की पोरीच्या कानात आधी कुणाचा तरी आवाज असला, तर तिचा आवाज त्याच्यामागून निघतो. त्याच दिवशी घरी तिच्या मागं उभं राहून त्यांनी बारीक आवाजात वाक्य दिलं आणि रिना आईला म्हणाली, "आई, मले भूक लागली, भात वाढ." सहा वर्षांत पहिलं अख्खं वाक्य. कमलाकाकू चुलीपुढं बसून रडल्या, हे त्या स्वतःच सांगतात.

पण बाप जन्मभर मागं कसा उभा राहणार? दिवाळी ते होळी तर ते घरीच नसत. वर्ग काढला तो यासाठी. आपण नसताना पोरीला वाक्य देणारं कुणीतरी गावात असावं, एवढीच त्यांची धडपड होती. हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. गावाला त्यांनी सांगितलं, की लेकरांना नाटक शिकवतो, दहावीला कलेचे वाढीव गुण मिळतात. गुणांचं नाव काढल्याबरोबर नऊ पोरं जमली.

वर्ग विहाराच्या पडवीत, रविवारी वंदनेनंतर. कमलाकाकूंचं जुनं लुगडं दोरीवर टाकलं की विंग तयार. एक पोरगं पुढं उभं, एक लुगड्यामागं वही घेऊन. दुसरीकडे नाटकाच्या वर्गात चेहऱ्यावरचे भाव शिकवतात म्हणे. आमचा निम्मा वेळ लुगड्यामागं बसायला शिकण्यातच जायचा. नियम दोन. वाक्याचे पहिले दोन शब्द द्यायचे आणि थांबायचं, समोरचा ते घेईपर्यंत थांबायचं. आणि ज्याचं वाक्य त्याचं. तो कितीही अडला तरी त्याचं वाक्य आपण बोलायचं नाही.

"मंग तो अडूनच राह्यला त?" करिश्मानं एकदा विचारलं. करिश्मा आमच्यात सगळ्यात तोंडाळ.

"त थांब," काका म्हणाले. "त्याले लाज नाई वाटली पायजे आन् तुले कटाळा नाई आला पायजे. एवढंच शिकाचं हाये इथी."

आम्हाला यात काही विशेष वाटलं नाही. आम्हाला तलवारी पाहिजे होत्या.

तिसऱ्या वर्षी काकांनी स्वतः एक नाटक लिहिलं. एका मुलीची चांदी नावाची शेळी जंगलात हरवते आणि ती तिला शोधत फिरते, एवढंच. शोधणारी मुलगी रिना. मंडईच्या दिवशी मोठ्यांच्या नाटकाआधी आम्हाला पाऊण तास मिळाला. काका विंगेत होते आणि रिना पाऊण तास बोलली. ओरडली, रडली, शेळीशी भांडली, कुठंही न अडता. लोकांनी उठून टाळ्या वाजवल्या. माझे वडील, लहानू रामटेके, पानठेल्यावर बसून पोट्ट्यांना चुना देत होते, तेसुद्धा मान उंच करून पाहायला लागले. त्यानंतर महिनाभर कुणी तिला अटकी म्हटलं नाही. त्या महिन्यात काका रस्त्यानं चालायचे ते जरा ताठ, हे मला नक्की आठवतं.

मग कुणीतरी सांगितलं, की चंद्रपूरला बालनाट्य स्पर्धा आहे. काकांनी भर हंगामात कंपनीकडून दोन दिवस सुट्टी मागून घेतली. फॉर्म भरला. नियमांचा कागद चार पानांचा होता, तो त्यांनी वाचला. त्यात सातव्या नंबरला लिहिलं होतं, की कलाकारांनी संहिता पाठ केलेली असावी. ते वाचून काका आम्हाला म्हणाले होते, "पाठ त हायेच आपली." कारण त्यांच्या हिशेबात पाठ असणं म्हणजे दोन शब्द दिल्यावर पुढचं सुचणं. हा गैरसमज जगात फक्त आमच्याकडचाच माणूस करू शकतो.

पडदा उघडायला पाच मिनिटं होती. काका नेहमीसारखे विंगेत पाट टाकून, वही मांडीवर घेऊन बसले. छातीला बिल्ला लावलेला एक संयोजक आला.

"हे काय? प्रॉम्प्टिंग चालणार नाही. संघ बाद होईल."

"साहेब, मी दिसत नाई कोनाले. आवाज पन जात नाई."

"तुम्ही प्रेक्षकांत बसा. आणि मुलांनो, कुणी कुणाला आतून काही सांगितलं तरी बाद. समजलं?"

काकांनी त्याचे हात धरले. मी पाहिलं. "साहेब, मायी पोट्टी..." एवढंच म्हणाले आणि रिना ऐकतेय हे लक्षात येऊन गप्प झाले. वही मिटून खाली उतरले. पाचव्या रांगेत जाऊन बसले.

माझं काम म्हाताऱ्या गुराख्याचं होतं. पहिलं वाक्य रिनाचं. ती स्टेजच्या मधोमध आली. मी तिच्यापासून दोन हातांवर, प्रेक्षकांकडे पाठ करून उभा होतो. तिचं वाक्य होतं, "मायी चांदी कोनं पाहली का?" रिना 'मा'वर रुतली. मान खेचली गेली. डोळे मिटले. माझ्या तोंडात तिचे दोन शब्द तयार होते. माझी पाठ लोकांकडे होती, ओठ कोणाला दिसले नसते, आणि इतक्या बारीक आवाजात द्यायला मला तीन वर्षं शिकवलं होतं. मी दिले नाहीत. बाद झालो तर बक्षिसाची ढाल जाईल, पेपरात फोटो येणार नाही, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. तेरा वर्षांचा होतो, हे कारण मी स्वतःला पुष्कळदा दिलं आहे. त्यानं काही फरक पडत नाही.

मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं, मग बरेच जण. मी जरा वळून पाहिलं. पाचव्या रांगेत मुखरूकाका उभे राहिले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. आवाज न करता, पुन्हा पुन्हा, तेच दोन शब्द. पण रिनाचे डोळे मिटलेले होते. शेवटी पडदा पाडला.

 परतीच्या गाडीत रिना खिडकीला डोकं टेकून होती. काका तिच्या शेजारी बसून सगळ्या वाटेत एकच म्हणत होते, "चूक मायी हाये. मायी हाये. तुयी नाई." मूल गावाच्या पुढं जंगल लागलं तेव्हा रिनानं त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

पुढच्या रविवारी वर्गाला चार पोरं आली. त्याच्या पुढच्या रविवारी दोन. माझं जाणं आमच्या बापानं बंद केलं. मला खरं तर बरंच वाटलं, रिनाच्या डोळ्याला डोळा द्यायचा प्रश्न मिटला. एका संध्याकाळी काका ठेल्यावर आले. मी तिथंच बसून पन्नीवर खर्रा घोटत होतो. सुपारी, तंबाखू आणि चुना यांचं ते मिश्रण आमच्याकडे भातासारखं खाल्लं जातं. काकांच्या गालात तर ते कायमच असायचं, विंगेत जागं राहायला म्हणून.

"लहानू, पोट्ट्याले पाठव ना गा रविवारी."

"काय करते येऊन? नाटकानं काय फायदा होते, मुखरूभाऊ? अभ्यास करन त नोकरी तरी लागन."

"वाढीव गुन..."

"राहू दे तुये गुन. पाहले ना आम्ही चंद्रपूरले."

काकांनी मान खाली घातली. मग एकदम बोलले, आणि मी तोवर कुठल्या मोठ्या माणसाचा आवाज तसा झालेला ऐकला नव्हता. "लहानू, मले कोनाले नट नाई करायचं. माया पोट्टीले बोलाले मानूस पायजे. एकट्यानं नाटक होत नाई गा. दोन पोट्टे दे. एक दे. तुया पोट्टा आला त बाकीचे येतीन." बापानं 'पाहू' म्हटलं. 'पाहू' म्हणजे नाही, हे काकांनाही कळलं. मी घोटलेली पुडी त्यांच्या हातात दिली, ती त्यांनी घेतली, आणि पुढच्या दाराला गेले. आमच्या वस्तीत बेचाळीस घरं आहेत. दुसऱ्यांची लेकरं मागत तो माणूस बेचाळीस दारं फिरला, आणि वर्ग बंद पडला तो पडलाच.

रिना हुशार. बारावी झाली, गडचिरोलीला नर्सिंगचा कोर्स केला, लेखी परीक्षेत तिसरी आली. कोर्सच्या तोंडी परीक्षांना एक मॅडम चांगली भेटली, ती उत्तरं लिहून घ्यायची. नोकरीच्या मुलाखतीत अशी मॅडम नसते. दार उघडून आत गेलं की पहिला प्रश्न नावाचा. रिना सगळ्यात जास्त अडते ती स्वतःच्या नावावर. तीन ठिकाणी मुलाखती झाल्या, तिन्ही ठिकाणी ती 'रि'वर असतानाच समोरचे 'बरं बरं, ठीक आहे, कळवू' म्हणाले. तिन्ही वेळा काका बाहेर बाकावर बसलेले. तिसऱ्या वेळी ते शिपायाला म्हणाले, "मले फक्त दारामागं उभं राहू द्या, मी आत येत नाई." शिपायानं त्यांना गेटबाहेर काढलं. अंगात चांगला सदरा होता त्यांच्या, मुद्दाम घातलेला.

याच काळात त्यांचं तोंड उघडेनासं झालं. आधी एक बोट जाईल इतकं, मग तेवढंही नाही. जिभेच्या बाजूला पांढरा चट्टा. इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण प्रॉम्प्टरला तोंड मोठं उघडायचं काम पडत नाही. नागपूरला तपासलं तेव्हा डॉक्टरनं सांगितलं, की जीभ काढावी लागेल. बोलता येणार नाही. ऑपरेशनला अकरा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर करत होतो, तर काका समोर उभे. हातात दोनशे पानी वही. मला वाटलं, योजनेचा फॉर्म भरायचा असेल. ते मिटल्या दातांतून म्हणाले, "तुया फोनमंदी माया आवाज भरून दे."

वहीत त्यांनी रिनाला आयुष्यात लागतील ती वाक्यं लिहून आणली होती. माझं नाव रिना मुखरू खोब्रागडे. माझं शिक्षण अमुक. बँकेत बोलायची वाक्यं, बसमध्ये तिकीट मागायची, औषधाच्या दुकानातली. कुणी पाहायला आलं तर काय बोलायचं ते. 'आई, घाबरू नको' असं एक होतं. 'मला हे मान्य नाही' असंही एक होतं. पाच दिवस ते रोज दुकानात आले. मी पंखा बंद करायचो, शटर अर्ध्यावर आणायचो, आणि तो माणूस ठणकणाऱ्या तोंडानं, विंगेतल्या त्याच बारीक आवाजात, एकेक वाक्य भरायचा. लाळेत रक्त यायचं, ते पुसायचा आणि पुढचं वाचायचा. मी म्हटलं, काका, पुरे, दुखते ना. तर म्हणाले, "अजून लगनाचं राह्यलं." मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. तेरा वर्षांचा असताना मी फुकटात दोन शब्द देऊ शकत होतो, आणि आता हा माणूस रक्त पुसत तीनशे वाक्यं देत होता.

सहाव्या दिवशी रिनाला बोलावलं. कानात इअरफोन घातला. मी मुलाखत घेणारा झालो आणि विचारलं, "तुमचं नाव?" रिनानं बटण दाबलं. कानात बापाचा आवाज आला असणार, कारण तिचा चेहरा क्षणभर मोकळा झाला. ती 'मा-मा' करून 'माझं'पर्यंत पोचली, पण तोवर फोनमधला आवाज खोब्रागडे म्हणून गप्पही झाला होता. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. फोन पुढं निघून जायचा आणि रिना मागं राहायची. मी हळू करून पाहिलं, तुकडे करून पाहिले, मधे जागा सोडून पाहिली. पण ती कोणत्या दिवशी किती अडेल, हे फोनला कसं कळणार? ते बापाला कळायचं. तो तिचा श्वास पाहून पुढचा शब्द द्यायचा.

दहाव्यांदा रिनानं इअरफोन काढून टेबलावर ठेवला. काका बाकावर बसले होते. वही मांडीवर, विंगेत बसायचे तशीच. त्यांना सगळं कळलं होतं. "थांबत नाई तो," एवढंच म्हणाले. मी आजवर कुणाला इतकं हरलेलं पाहिलं नाही, आणि पुन्हा पाहायची इच्छाही नाही.

ऑपरेशननंतर ते सात महिने जगले. नाकातून नळी, हातात पाटी. रिना त्यांचं सगळं करायची, शिकलेलं तेवढ्याच कामाला आलं. मी अधूनमधून जायचो. एकदा मी धीर करून चंद्रपूरचं सांगितलं, की माझ्या तोंडात तिचे शब्द होते आणि मी दिले नाहीत.  काकांनी पाटीवर लिहिलं, "मले माहीत हाये. पाठ दिसत होती." ते पुसून लिहिलं, "आता देऊ नोको. थांबजो." तेही पुसलं आणि डोळे मिटून पडून राहिले. त्यांनी मला माफ केलं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

आता ती वंदना.

विहार भरला होता. पुढं काकांचा फोटो. पुढं म्हणणारा माणूसच गेलेला, म्हणून शेजारच्या गावाहून एका उपासकाला बोलावलं होतं. ते हात जोडून उभे राहणार, तेवढ्यात रिना उठली. पांढरी साडी नेसलेली. तिनं त्यांच्यापुढं हात जोडले आणि स्वतः फोटोशेजारी जाऊन उभी राहिली. कमलाकाकूंनी तिचा पदर धरून खाली ओढला. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. रिनानं पदर हळूच सोडवून घेतला.

मागून म्हणताना ती आयुष्यात कधी अडली नव्हती. पण पुढं म्हणायचं म्हणजे आधी कोणाचाच आवाज नाही. तिच्या आधी बोलणारा माणूस आता फोटोत होता.

तिनं तोंड उघडलं आणि पहिल्या अक्षरावर रुतली. मान खेचली गेली, डोळे मिटले. मी पहिल्या रांगेत होतो, पुन्हा दोन हातांवर. माझ्या तोंडात शब्द तयार होता. या वेळी ढाल नव्हती, बिल्लावाला नव्हता, द्यायला कोणाची ना नव्हती. माझे ओठ उघडलेसुद्धा. मग पाटी आठवली आणि मी ते मिटले. शब्द न देणं इतकं जड जाईल असं मला वाटलं नव्हतं. मागं चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी पाहुणा, भला माणूसच असणार, दया येऊन तिची ओळ मोठ्यानं म्हणायला लागला.

"थांबा!" करिश्मा ओरडली. ती आता दोन लेकरांची आई आहे, बल्लारपूरला दिली आहे, पहाटेच्या गाडीनं आली होती. मागं वळून त्या माणसाला म्हणाली, "तिचं वाक्य हाये ते."

तो माणूस गप्प झाला. मी आजूबाजूला पाहिलं. आमच्या वर्गातला अंकुश होता, तो आता ट्रक चालवतो. आणखी दोघं होती. वर्गातली आम्ही पाच जणं तिथं होतो आणि पाचही जण एकाच तऱ्हेनं बसलो होतो. पुढं वाकून, श्वास धरून, तोंड मिटून. लुगड्यामागं बसायचो तसं. आमच्यातला एकही नट झाला नाही. वाढीव गुणही कोणाला मिळाले नाहीत.

रिनाला पहिला शब्द निघायला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. निघाला. आम्ही तो मागून म्हटला. मग दुसरा, तोही तसाच, ओढून काढलेला. दर ओळीला ती अडली. एकही ओळ सरळ गेली नाही. पाच मिनिटांची वंदना अर्धा तास चालली आणि विहारातून एकही माणूस उठला नाही. मधे केव्हातरी कमलाकाकूंनी तोंडात कोंबलेला पदराचा बोळा काढला आणि त्याही मागून म्हणू लागल्या. माझा बाप दाराशी उभा होता. तो रडत होता, आणि मला त्याचा राग आला. ज्यानं हे ऐकायला पाहिजे होतं तो ऐकायला नव्हता, आणि हा मात्र होता.

मी वर्ग पुन्हा सुरू करायचं ठरवलं आहे. बारा घरी जाऊन आलो. बाराही घरी एकच प्रश्न, काय फायदा? मी वाढीव गुणांचं सांगत नाही. जे आहे ते सांगतो, आणि ते ऐकून लोक 'पाहू' म्हणतात. मागच्या रविवारी एक मुलगी आली होती. लुगडं रिनानं बांधलं.

रिनाची पुढच्या महिन्यात गडचिरोलीला मुलाखत आहे. चौथी. फॉर्म मीच भरला. मी सोबत जाणार आहे, बाहेर बाकावर बसणार आहे. आतल्या टेबलामागं तीन माणसं असतील, ती कधी आमच्या विहाराच्या पडवीत बसलेली नाहीत. ती तिला नाव विचारतील. ती 'रि'वर रुतेल, आणि तिला फक्त अर्धं मिनिट पाहिजे असेल.